तलावाकडची खिडकी

चांदूर रेल्वे,
रविवार, दुपार

प्रिय रश्मी,

पत्र पाहून दचकू नको. माझी तब्येत ठणठणीत आहे. गुडघा सोडला तर, आणि तो काही आजचा नाही. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू दोन मिनिटांत म्हणतेस, "आई, मी साइटवर आहे, नंतर करते," आणि हे दोन मिनिटांत सांगायचं नाही. शिवाय मधे कोणी टोकलं की मी गप्प बसेन, आणि एकदा गप्प बसले की मग आणखी अडतीस वर्षं. अंगणवाडीची रजिस्टरं लिहिण्यात एकतीस वर्षं गेली माझी. लिहिताना हात अडत नाही, तोंडच अडतं.

तू मोबाइलवर पाठवलेला सालई तलावाच्या बंगल्याचा अहवाल मी स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणला. शहाण्णव पानं! तो म्हणाला, "काकू, कोर्टाची केसगिस हाय का?" मी म्हटलं, "नाई रे बाप्पा, माह्या पोरीनं लिवलं," आणि पहिलं पान त्याच्या नाकासमोर धरलं. 'वास्तुविशारद रश्मी देवमन तायडे.' त्यानं मोठ्यानं वाचलं तेव्हा दुकानात आणखी तीन गिऱ्हाइकं होती, आणि मी मुद्दाम पिशवीत चष्मा शोधायला वेळ लावला. म्हातारपणी एवढी हौस माफ आहे.

मग चार दिवस रोज दुपारी वाचलं. काही समजलं, काही नाही. पण तू चितारलेला तो बंगला मात्र डोळ्यांपुढं जसाच्या तसा उभा राहिला. दोन खोल्या, पुढं ओसरी, वर कवेलूंचं छप्पर. आगगाडीच्या इंजिनांना पाणी लागायचं म्हणून तलाव बांधला, आणि तलावावर नजर ठेवणाऱ्या गोऱ्या साहेबाला राहायला हे घर. भिंती दोन हात जाड, बाहेरून घडीव काळा दगड, पोटात चुना आणि दगडाची चीप. मे महिन्यात आत बाहेरपेक्षा आठ अंशांनी थंड असतं, हे तू यंत्र लावून मापलंस. शाब्बास. आम्ही त्या भिंतीला पाठ टेकून मे महिन्यातच भाकर खाल्ली आहे, आम्हाला यंत्र लागलं नाही. आणि त्या शेकोटीच्या धुराड्याबद्दल तू अडीच पानं लिहिलीस, तिथं मात्र मला हसू आवरेना. तुझे बाबा ते धुराडं पाहून म्हणाले होते, "वऱ्हाडात येऊन शेकोटी! या मानसाले एक उन्हाळा अकोल्यात ठेवा लागत होता."

हो, तुझ्या बाबांनी ते घर पाहिलं होतं. मीही पाहिलं होतं. तुला वाटतं की तू ते शोधून काढलंस, त्यांच्या माघारी, काटेरी झुडपं तोडून. आम्ही तुझ्या जन्माच्या पाच वर्षं आधी तिथं अडीच महिने राहिलो होतो. थांब, ओळीनं सांगते.

बावीस तारखेला समिती येणार आहे. बंगला पाडून तिथं नवं विश्रामगृह उठवायचं की जुना बंगला जपायचा, हे त्या दिवशी ठरेल, आणि ते तुझ्या या शहाण्णव पानांवर ठरेल, असं तूच म्हणालीस. तुझं हे पहिलं मोठं काम. म्हणून सांगते आहे की पान एक्केचाळीसवर जे लिहिलं आहेस ते चूक आहे.

तिथं तू तलावाकडच्या भिंतीबद्दल लिहिलंस. चारही भिंतींत ही भिंत सर्वांत सरस, कुठं जोड दिसत नाही, कुठं दुरुस्ती नाही, एकशे तीस वर्षांपूर्वी बांधली तशीच उभी. त्याखाली १९०३ सालचा जुना फोटो छापलास. फोटोत तीच भिंत, पण खिडकी मधल्या रेषेच्या उजवीकडं. आज ती डावीकडं आहे. तू म्हणतेस, निगेटिव्ह उलटी ठेवून फोटो छापला गेला असावा. पुढं लिहितेस की ज्या कुणा गोऱ्या इंजिनिअरनं ही खिडकी पावसाच्या माऱ्यापासून दूर, डाव्या अंगाला ठेवली, त्याची दूरदृष्टी थोर. आणि शेवटी: 'कारागीर अज्ञात.'

आता तो फोटो पुन्हा काढ आणि भिंतीकडं पाहू नको. भिंतीसमोर एक बाई उभी आहे, डोक्यावर पाण्याचे दोन गुंड. तिचा पदर पाहा. डाव्या खांद्यावर आहे की नाही? फोटो उलटा छापला असता तर पदर उजव्या खांद्यावर दिसला असता. आपल्याकडची कोणती बाई उजव्या खांद्यावर पदर घेते, सांग बरं मला! तू पाच वर्षं कॉलेजात काढलीस, दोन वर्षं परदेशात काढलीस, पण साडी नेसलीस ती लग्नात, आणि तीही पार्लरवालीनं नेसवून दिली. म्हणून चुकलीस. समितीत एखादी माझ्यासारखी बाई निघाली तर ती पहिल्या पाच मिनिटांत बोट ठेवील, आणि मग तुझी बाकीची पंच्याण्णव पानंही कोणी खरी मानणार नाही.

फोटो सरळ आहे माय. उलटी झाली ती भिंत. आणि ती तुझ्या बाबांनी बांधली.

सत्त्याऐंशी सालचा उन्हाळा. आदल्या पावसाळ्यात तलावाकडची भिंत मधोमध फुगली होती. दोन्ही कोपरे धड, पण मधला भाग गर्भारशीच्या पोटासारखा पुढं आलेला. कारण तीच खिडकी. तुला माहीत आहे तिथं कसं वाऱ्याचं वावधन सुटतं, पाऊस त्या उजव्या अंगालाच झोडपतो. खिडकीच्या चौकटीतून पाणी भिंतीच्या पोटात मुरलं आणि चुना सुटला. अमरावतीहून साहेब आले आणि म्हणाले, मधला भाग उतरवा आणि जसाच्या तसा पुन्हा चढवा. आधी दोन गवंडी येऊन पाहून गेले, दोघंही म्हणाले सिमेंट मारून पुढं टेकू द्या. तुझे बाबा तेव्हा सत्तावीस वर्षांचे. त्यांनी भिंतीवर तळहात आपटून पाहिला, जसा ते कलिंगडावर आपटायचे, आणि साहेबांना तोंडावर सांगितलं, "या भिंतीले सिमेंट पचत नाई साहेब. हिले चुनाच लागते." साहेब म्हणाले, चुना आता कोण बनवतं? तर म्हणे, "माहा बाप बनवत होता. मी बनवतो."

आणि बनवला! तुझे आजोबा पुंजाजी अकोटकडच्या कापसाच्या किती जिनांच्या भिंती चढवून गेले, त्यांच्याकडून तुझे बाबा शिकले होते. बैलाची घाणी लावून चुना आणि रेती दळली, त्यात बेलफळाचं पाणी, गुळाचं पाणी. पंधरा दिवस भिजवून ठेवलेला चुना. हातात घेतला तर लोण्यासारखा. साहेबांच्या ओव्हरसियरनं पाठवलेली दोन पोती सिमेंट ओसरीत पडून पडून दगड झाली, तेवढाच त्यांचा दगडकामाशी संबंध आला.

भिंत बाहेरच्या अंगाला फुगलेली, म्हणजे बाहेर उभं राहून काढायला लागलं तर अंगावरच यायची. म्हणून तुझ्या बाबांनी बांबूची पायाड आतून बांधली. तिच्यावर आत उभं राहून एकेक दगड सोडवायचा आणि खाली द्यायचा. तलाव उन्हाळ्यानं मागं सरला होता, काठाची गाळाची जमीन भेगाळून कोरडी पडली होती. तिथं ते दगड थरानं मांडले. जो दगड ज्याच्या शेजारी, तो तसाच. अख्खी भिंत जणू तलावात आडवी झोपवली होती. लोक टेकडीवरून पाहायला यायचे. आमच्या कामात हेच नेमाचं आहे, जुनी भिंत उतरवायची तर तिला जमिनीवर मांडायची, मग जमिनीवरून वाचत वाचत पुन्हा उभी करायची. कागद नाही, नकाशा नाही.

मांडली ती आतून पाहिल्याप्रमाणे. चढवताना मात्र पायाड बाहेरून, तलावाकडून बांधली. आतून जो डावा हात, तो बाहेरून उजवा. एवढीच गोष्ट! आता कागदावर वाचून तुला पोरखेळ वाटेल. तिथं तीनशे दगड होते आणि डोक्यावर ऊन होतं.

कोपऱ्याच्या दगडांशी थर जुळेनात. जुळतील कसे? तुझे बाबा रोज टाकी घेऊन दगडाची टोकं घडवायचे, बसवायचे, आणि त्या गोऱ्याला शिव्या द्यायचे. "याले गुण्या लावता येत होता का नाई? एक थर सरळ नाई लेकाचा!" पंधरा दिवस हेच. पण हात असा की जुन्या दगडावर टाकीचे घाव जसे तिरपे होते, तस्सेच तिरपे घाव नव्या टोकांवर मारले. तू भिंग लावून पाहिलंस ना? तुला एकही टोक ओळखू आलं नाही. हे तुझ्याच अहवालात वाचलं आणि चष्मा काढून ठेवावा लागला मला.

खिडकीची चौकट वेगळी बांधून ठेवली होती, ती जिथं जागा आली तिथं बरोबर बसली; आतून काढताना ती डाव्या हाताला होती, बाहेरून बसवतानाही डाव्या हाताला, म्हणून त्यांच्या नजरेला खटकलं नाही. वरची कमान चढली, कळीचा दगड बसला. त्याच दिवशी बंगल्याचा चौकीदार भगवंतराव अकोटहून आला. पोरीचं लग्न उरकून महिन्यानं परत आलेला. सायकल टेकवली, घटाघटा पाणी प्याला, भिंतीकडं पाहिलं आणि म्हणाला, "देवमन, खिडकी इकडं कावून आली बे?"

रश्मी, मी तुझ्या बाबांना खूपदा खचलेलं पाहिलं, पण तसं कधीच नाही. ते खाली उतरले, तलावाच्या भेगाळलेल्या जमिनीवर गेले, मागं वळून भिंत पाहिली आणि तिथंच मातीत बसले. भगवंतराव भला माणूस, त्याला वाटलं ऊन लागलं. पाडून पुन्हा चढवायची म्हटलं तर मृग दहा दिवसांवर आलेला आणि वर छत उघडं. सगळा बंगला गेला असता. दोन दिवसांनी साहेब आले. तुझ्या बाबांनी हात जोडून बोलायला तोंड उघडलं, तर साहेबांनी भिंतीवरून हात फिरवला, म्हणाले, "वा! जसंच्या तसं!" आणि जीपमधे बसून गेले. धुरळा खाली बसेपर्यंत तुझे बाबा तसेच हात जोडून उभे होते.

त्यानंतर त्यांनी त्या रस्त्यानं पाय टाकला नाही. तुला आठवतं ना, तू दुसरी-तिसरीत असताना दर रविवारी लुनावर पुढं उभी करून न्यायचे? शाळेच्या पायऱ्या, विहाराचा चौथरा, कोणाच्या विहिरीचा कठडा. प्रत्येक ठिकाणी थांबून तुझा हात दगडावर ठेवायचे आणि म्हणायचे, "हे आपलं." सालई तलाव इथून बारा किलोमीटर. एकदाही नेलं नाही. तुला वास्तुशास्त्राला प्रवेश मिळाला तेव्हा सगळ्या गावाला पेढे वाटले आणि तुला एवढंच म्हणाले, "डावं-उजवं दोनदा पाह्यत जाजो." तू हॉस्टेलवर मैत्रिणींना सांगून हसायचीस. मीही हसले होते तुझ्यासोबत. मला हसायला नको होतं.

जाण्याआधी दवाखान्यात त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला की पोरीला सांगायचं नाही. "तिच्या नजरेत मी गवंडी चांगला हाय, तसाच राहू दे." मी दिला शब्द. आज मोडते आहे, आणि त्याचं मला काहीही वाटत नाही. कारण त्यांना एक गोष्ट माहीत नव्हती आणि ती तू सांगितलीस. ती खिडकी जुन्या जागी असती तर भिंत दहा वर्षांत पुन्हा फुगली असती. डाव्या अंगाला गेली म्हणून पाऊस तिच्यापर्यंत पोचला नाही, आणि अडतीस पावसाळे झाले तरी भिंतीच्या पोटात ओल नाही. हे तूच यंत्र लावून लिहिलंस, पान त्रेचाळीस. ज्याची लाज धरून माणूस गेला, त्यालाच पोरीनं थोर म्हटलं, आणि कोणाला म्हणते आहे हे तिला ठाऊक नव्हतं. अगं, मी एकटी घरात इतकी रडले आणि इतकी हसले की शेजारच्या लीलाबाई डोकावून गेल्या.

तर बावीसच्या आधी ते पान बदल. मला माहीत आहे तुला काय वाटेल. भिंत अस्सल नाही म्हटलं तर बंगल्याचं वजन कमी होईल, तुझे वरिष्ठ नाक मुरडतील, एवढ्या मेहनतीवर पाणी पडेल. पडू दे पडलं तर. आपण सांगितलं तर ते खरं असतं, त्यांनी शोधलं तर ते खोटं. आणि मला नाही वाटत पाणी पडेल. गोऱ्यांनी बांधलेली भिंत शंभर वर्षं टिकली नाही. सत्तावीस वर्षांच्या एका वऱ्हाडी गवंड्यानं तेच दगड घेऊन, उलट बाजूनं, विसरल्या गेलेल्या चुन्यात ती पुन्हा उभी केली, आणि शिकलेल्या आर्किटेक्टला जोड सापडत नाही. हे जपण्यासारखं नसेल तर काय जपणार आहेत ते? त्यांच्या तोंडावर विचार. माझी पोरगी आहेस तू, भीड धरू नको. साक्ष हवी असेल तर मला ने. गुडघा दुखतो, पण टेकडी चढेन मी.

आता शेवटचं. याच्यासाठीच एवढं सगळं लिहिलं, आणि इथवर यायला चार दिवस आणि पाच कागद लागले. वर मी लिहिलं की दगड 'मांडले'. कोणी मांडले, ते लिहिलं नाही. मी मांडले. तुझे बाबा आत पायाडीवर होते, त्यांना खालचं दिसत नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला नीट बजावलं होतं, "तलावाकून पाह्यल्यासारखं मांडजो, भागीरथा." मी बावीस वर्षांची, ठसक्यात म्हटलं, "मले समजते," आणि ते आतून ज्या हाताला देत गेले त्याच हाताला मी मांडत गेले. भगवंतरावानं विचारलं तेव्हा मी डोक्यावर घमेलं घेऊन तिथंच उभी होते. तुझ्या बाबांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. मग भगवंतरावाला म्हणाले, "माह्याच हातून झालं." त्यानंतर घरात, बाहेर, भांडणात, दारूचा घोट घेतल्यावर, दवाखान्यात, कधीही, एकदाही त्यांनी मला 'तू' म्हटलं नाही. आणि मीही कधी 'मी' म्हटलं नाही. सगळी लाज त्यांच्या वाट्याला गेली आणि मी जाऊ दिली. म्हणून आता 'कारागीर अज्ञात' हे दोन शब्द खोड. भिंतीखाली त्यांचं नाव लिही, देवमन पुंजाजी तायडे. आणि त्या थोर दूरदृष्टीच्या खिडकीखाली माझं लिही. खाली पूर्ण लिहून देते आहे, उतरवून घ्यायला सोपं जाईल.

जयभीम.

तुझीच आई,
भागीरथा देवमन तायडे